उघडे बॉनेट

ज्या गाडीत बिघाड झाल्यावर मालकाला स्वतः काहीही करता येत नाही, ती गाडी सुखाची, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले की काळ्या प्लास्टिकचे एक भलेमोठे झाकण दिसते, आणि त्याखाली काय चालले आहे हे सेवाकेंद्रातल्या तंत्रज्ञालाही संगणक जोडल्याशिवाय कळत नाही. मालकाने फोन करावा, गाडी उचलून न्यावयास सांगावी आणि बिल भरावे. त्याचे अज्ञान इतके परिपूर्ण असते की त्यात कमीपणा वाटायला जागाच उरत नाही. माझ्या वाट्याला मात्र १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आली आहे आणि तिच्यात झाकून ठेवलेले असे काहीही नाही.

तिचे बॉनेट उघडले की १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन संपूर्णपणे समोर उभे राहते. त्याच्या भोवती इतकी मोकळी जागा आहे की फटीतून खालची फरशी दिसते. हातातून निसटलेला नट मात्र त्या फरशीपर्यंत कधीच पोचत नाही, तो वाटेतच कोठेतरी कायमचा मुक्काम करतो. कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप, कॉइल, प्लगच्या चार वायरी, सारे काही उघड्यावर आहे आणि पाना, पेचकस व पक्कड यांच्या आवाक्यातले आहे. ही गाडी घरच्या घरी दुरुस्त करता येते, हे तिचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. ती घरच्या घरी कोणालाही दुरुस्त करता येते, ही खरी अडचण आहे, कारण पुण्यातल्या आमच्या सोसायटीत ‘कोणीही’ या वर्गात मोडणारी माणसे फार आहेत.

गाडी वडिलांची. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मग कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली गाडी जो रंग मिळेल त्या रंगात, हार घालून घरी आणायची, असा तो काळ होता. त्याच गाडीची काळी-पिवळी भावंडे मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती. त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून मृत्युलेखासारखे लेख आले, आणि ते वाचून ओळखीची बरीच माणसे माझ्याकडे समाचाराला आल्याच्या चेहऱ्याने येऊन गेली. आमची गाडी खाजगी असून तिला हा नियम लागू नाही, हे मी प्रत्येकाला सांगितले. ते ऐकून काहींची निराशा झाल्याचे मला स्पष्ट दिसले.

घरगुती दुरुस्ती बहुधा रविवारी सकाळी सुरू होते. गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, म्हणजे चारांपैकी एखादा सिलिंडर कामचुकारपणा करू लागला, की पहिला संशय पॉइंटवर घ्यावा, ही मिस्त्रींची शिकवण. चारही प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली, बोटाच्या पेराएवढ्या जागेत हे दोन लहान स्पर्शबिंदू असतात. ते मिटले की कॉइलमधून प्रवाह वाहतो, उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी काही हजार व्होल्टचा झटका प्लगकडे धावतो. उघडल्यावर त्यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट असावी लागते. फिलर गेजची पट्टी त्या फटीत घालायची, ती ना अडकली पाहिजे ना सैल सरकली पाहिजे, आणि मग स्क्रू आवळायचा. स्क्रू आवळताना फट बदलते. पुन्हा मोजायची. हे काम शांत चित्ताने, एकट्याने आणि वाकून केले तर पंधरा-वीस मिनिटांचे आहे. पण वाकलेला माणूस आणि उघडे बॉनेट हे दृश्य आमच्याकडे सभेच्या नोटिशीसारखे वाचले जाते.

सर्वांत आधी येतात ते फोरमनकाका. त्यांची उभी हयात एस. टी.च्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा आहे. मात्र एस. टी. डिझेलवर चालते, आणि डिझेल इंजिनाला प्लगही नसतो, कॉइलही नसते आणि पॉइंटही नसतात. या तीन वस्तूंवर उभी असलेली गाडी काकांना मुळातच अशक्त वाटते. ते कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे थोडा वेळ बघतात आणि “यात हवा धरली असेल,” असे निदान करतात. डिझेलच्या पाइपात हवा शिरली तर गाडी खरोखरच बंद पडते, हे मला मान्य आहे. पण पेट्रोलच्या गाडीला तो रोग होत नाही, हे त्यांना सांगण्याइतका मी वयाने मोठा नाही. त्यामुळे आम्ही आदराने एक पाइप काढतो, तो फुंकतो आणि पुन्हा बसवतो.

त्यानंतर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक येतात. त्यांचे सगळे बरोबर असते. फॅरेडेने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन कसे दाखवले येथपासून ते सुरुवात करतात. पॉइंटना समांतर जोडलेला छोटा कंडेन्सर तेथे ठिणगी पडू देत नाही आणि त्यामुळे कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळते, हेही ते अतिशय सुंदर समजावून सांगतात, आणि मी पेचकस हातात धरून उभ्या उभ्या ते ऐकतो. एकदा सिलिंडर पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असाच का, हा प्रश्न निघाला. एक-दोन-तीन-चार असा सरळ क्रम फोरमनकाकांना शिस्तीचा वाटत होता. दणके इंजिनाच्या दोन्ही अंगांना विभागून बसावेत म्हणून असा क्रम ठेवतात, हे प्राध्यापक समजावत होते. समजावताना त्यांनी टोपीवरच्या चारही वायरी काढून हातात घेतल्या, आणि शंकानिरसन झाल्यावर स्वतःच्या समजुतीप्रमाणे परत लावल्या. मी सेल मारला. कार्बोरेटरमधून असा काही बार निघाला की कंपाउंडच्या भिंतीवरची सगळी कबुतरे उडाली आणि वॉचमन काठी घेऊन धावत आला. प्राध्यापकांनी मात्र मुळीच विचलित न होता तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी चुकीच्या वेळी पडल्याचे नमूद केले. तेही बरोबर होते.

या सगळ्यांत जिचे ऐकावे अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती कधीही खाली उतरत नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या यजमानांकडे हीच गाडी होती. पुढच्या अखंड सीटवर, मांडीवर एक मूल आणि शेजारी दुसरे घेऊन, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पुणे-सातारा रस्ता कितीदा तरी पार केला आहे. इंजिनाबद्दल त्यांना काही कळते असे त्यांचे मुळीच म्हणणे नाही. गाडी बंद का पडते हे त्यांना सांगता येत नाही, पण बंद पडलेली गाडी कशी चालू होते हे त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे. एका एप्रिलमध्ये गाडी दुपारी फाटकातच थांबली आणि काही केल्या सुरू होईना. सभा भरली, प्लग निघाले, पाइप फुंकून झाले. आजींनी वरूनच विचारले, “अरे, पंपावर ओलं फडकं टाकलंस का?” हा पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि इंजिनाच्याच बळावर चालतो. उन्हात, सावकाश गतीत तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढून पुढे ढकलणे त्याला जमत नाही. खंबाटकीच्या घाटात एकेकाळी याच कारणाने गाड्या कडेला उभ्या असत आणि माणसे तांब्याने पाणी घालत. आजींनी वरून स्वतःची पायपुसणी टाकली, आम्ही ती भिजवून पंपावर ठेवली, आणि दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. फोरमनकाकांनी तेव्हाच जाहीर केले की आपण हवा धरल्याचे म्हणत होतो ते हेच.

अलीकडे या दुखण्यांत उसाची भर पडली आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते ऊस, मका, तांदूळ यांपासून तयार होते. शेतकऱ्याच्या भल्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण १९७९ साली ज्या रबराचे पाइप आणि पंपातले लवचीक पडदे बनवले जात, त्या रबराने इथेनॉलचे नावही ऐकलेले नव्हते. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी सुटते. त्याखेरीज टाकीच्या तळाशी गेली चाळीस वर्षे निवांत बसलेला गाळही ते सुटा करते, आणि तो गाळ थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जेट म्हणजे सुईच्या अग्राएवढे भोक असलेला पितळेचा तुकडा. त्यात तार घालू नये, भोक मोठे होते. फक्त हवेने फुंकावे, असा नियम आहे. नियम सांगणारे अनेक आहेत आणि तार घेऊन येणारेही तेच आहेत.

पंपाचा पडदा फाटला तेव्हा मी नाना पेठेत गेलो. पूर्वी मुंबईच्या टॅक्सींमुळे या गाडीचा कोणताही भाग हमखास मिळे. आता दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग छताकडे बघतो, पोऱ्याला शिडी लावायला सांगतो आणि वरून धुळीने माखलेला एक खोका उतरवून घेतो. खोक्यातला पडदा बरोबर मापाचा होता. मात्र तोही त्याच जुन्या रबराचा होता, म्हणजे उसापुढे त्याचाही टिकाव लागणार नव्हता. नव्या रबराचा पडदा शेवटी मिस्त्रींनीच त्यांच्या ओळखीतून आणून दिला. दुकानदाराने पैसे घेण्याआधी गाडी विकण्याचा सल्ला दिला, आणि सुटे परत करताना स्वतःच किंमत विचारली. दाराच्या काचेच्या हँडलसाठी बुधवारी जुन्या बाजारात गेलो, तर तेथे हँडल मिळाले, पण ते डाव्या दाराचे की उजव्या दाराचे यावर विक्रेता आणि शेजारचा गिऱ्हाईक यांच्यात माझ्या सहभागाशिवाय पाऊण तास चर्चा झाली.

सरकारदरबारीही या गाडीला धड जागा नाही. पन्नास वर्षे पुरी केलेल्या, मूळ रूपातल्या वाहनांना २०२१च्या नियमांनी ‘विंटेज’ हा दर्जा आणि वेगळी क्रमांकमालिका दिली आहे. आमच्या गाडीला त्यासाठी २०२९ उजाडावे लागेल. तोवर पंधरा वर्षांवरच्या इतर गाड्यांप्रमाणे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करून घ्यायचे आणि पर्यावरण कर भरायचा. गेल्या खेपेस तपासणी करणारे साहेब गाडीत बसले, स्टिअरिंगखालचा गियर एकदा खाली-वर करून पाहिला आणि बराच वेळ उतरलेच नाहीत. त्यांच्या मामांकडे हीच गाडी होती. उतरल्यावर त्यांनी कागदांवर सही केली आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, किंचित जास्त असल्याचे सांगून, खिशातल्या नाण्याने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला.

एक परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता. सोसायटीत आता माझी हत्यारे माझ्याकडे राहत नाहीत. प्रत्येक सभेनंतर एखादा पाना कोणाच्या तरी खिशातून घरी जातो, त्याचे तेथे छोटेमोठे उपयोग होतात, आणि पुढच्या रविवारी तो परत येईल असे गृहीत धरले जाते. फोरमनकाकांकडे प्लगपाना असतो, कारण पेट्रोलच्या गाडीचा असला तरी तो मजबूत आहे. पक्कड वॉचमनकडे आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण मुलाची नवी गाडी सकाळी फाटकाशी उभी राहिली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला होता. सभा क्षणात जमली. मुलाने बॉनेट उघडले. फोरमनकाका वाकले, त्यांनी प्लास्टिकच्या झाकणावर बोटाने टकटक केले आणि सरळ उभे राहिले. प्राध्यापकांनी कॉइल कोठे आहे असे विचारले. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असून ती झाकणाखाली आहे, असे मुलाने मोबाइलमध्ये वाचून सांगितले. वरून आजींनी फडके टाकायची तयारी दाखवली, पण पंप टाकीच्या आत असतो हे कळल्यावर त्यांनी ते परत दोरीवर वाळत घातले. अर्ध्या तासात टोइंगची गाडी आली, एका अक्षराचीही चर्चा न करता तिने ती गाडी उचलली आणि नेली. मुलगा हसतमुखाने रिक्षाने ऑफिसला गेला.

मंडळी काही वेळ तशीच उभी राहिली. मग फोरमनकाकांनी माझ्याकडे वळून आमच्या गाडीचे कसे काय चालले आहे, असे विचारले. मी खरे ते सांगितले: गाडी ठणठणीत होती, आदल्याच दिवशी तिने सिंहगडाचा पायथा गाठून परत येऊन दाखवले होते. कोणी काही बोलले नाही, पण कोणी गेलेही नाही. मी किल्ली आणली, बॉनेट उघडले आणि इंजिन सुरू करून दिले. काकांनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकले आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग, किंचित वाजत असल्याचा निर्णय दिला. प्राध्यापकांनी, इंजिन थंड असताना तेवढा आवाज येणारच, असे म्हणून त्याला हरकत घेतली. मला आवाज ऐकू येत नव्हता. तरी झाकण काढून बघायचे ठरले, आणि त्यासाठी लागणारा दहाचा पाना आणायला प्राध्यापक लिफ्टची वाट न पाहता जिन्याने घरी गेले.