‘बाबाको’ नावाची कसोटी नाही

सांगलीत बारावीच्या पालकांमध्ये एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, एकक वर्तुळ (1 त्रिज्येचं वर्तुळ) हे नुसतं पाल्हाळ. दोन बाजू आणि एक कोन दिला की त्रिकोण ठरलाच. साइनचा नियम (बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, तिन्ही बाजूंना सारखंच) लावा, कॅल्क्युलेटर सांगेल तो कोन लिहा. दुसरं उत्तर आलंच तर ऋण मुळासारखं सोडून द्या. परवा एका मुलीनं तो दाखवून विचारलं, “सर, मग वर्तुळ ऑप्शनला टाकू का?” म्हणून हे लिहितोय.

‘त्रिकोण ठरलाच’ हे आधी घेतो, खरं नुकसान तिथं आहे. बाकोबा, कोबाको, बाबाबा, कर्णभुजा या एकरूपतेच्या कसोट्या (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) आपण शाळेत घोकल्या. त्यांत ‘बाबाको’ (दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन) का नव्हती? अंगणात करून बघा. फक्कीची लांब सरळ रेघ ओढा. तिच्या टोकापासून 30 अंशांत 10 फूट जाऊन खुंटी ठोका. खुंटीला 6 फुटांची सुतळी बांधून ताणून फिरवा. सुतळीचं टोक रेघेला दोनदा शिवतं, रेघेच्या त्या टोकापासून 5.34 फुटांवर आणि पुन्हा 11.98 फुटांवर. दोन्ही त्रिकोण खरे, दोन्हींत 10 फूट, 6 फूट आणि 30 अंश. सुतळी 5 फुटांहून आखूड असेल तर रेघेपर्यंत पोचतच नाही. बरोबर 5 असेल तर एकाच जागी, काटकोनात टेकते. 10 किंवा जास्त झाली की परत एकच त्रिकोण.

आता हरिपूरकडचं एखादं उसाचं तिकोनी रान धरा. एक बांध 100 मीटर, दुसरा 60 मीटर आणि 60 मीटरच्या बांधासमोरचा कोपरा 30 अंशांचा. एवढ्याच मापांवर एका त्रिकोणाचं क्षेत्र 29.6 गुंठे भरतं, दुसऱ्याचं 13.2. कुठला त्रिकोण हे न बघता आकडा लिहिणं मला तरी धडधडीत चूक वाटते.

कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. इथं 100 मीटरच्या बांधासमोरच्या कोनाच्या साइनची किंमत 100 × 0.5 ÷ 60, म्हणजे 0.8333 येते आणि तो 56.44 अंश दाखवतो, कारण व्यस्त साइनचं (साइनवरून कोन काढण्याचं) उत्तर तो उणे 90 ते 90 अंशांतच देतो. एकक वर्तुळ काढून 0.8333 उंचीवर आडवी रेघ मारली की ती वर्तुळाला उजवीकडे 56.44 अंशांवर छेदते आणि डावीकडे 123.56 वर. या वर्तुळात उंची म्हणजेच साइन; उंची तीच, म्हणून साइन तोच. कोसाइन, म्हणजे आडवं अंतर, मात्र उजवीकडे धन, डावीकडे ऋण. सुतळीनं रेघेवर दाखवलेल्या दोन जागा त्या याच.

मग वर्तुळ पाल्हाळ कसं? 123 अंशांचा कोन कुठल्या काटकोन त्रिकोणात बसवणार? विशालकोनाच्या साइनला अर्थच वर्तुळातून मिळतो. शिवाय हे मागून चिकटवलेलंही नाही. आर्यभटांनी इ.स. 499 च्या सुमारास 3438 त्रिज्येच्या वर्तुळात 3 अंश 45 कलांच्या टप्प्यांनी 24 अर्धज्या (अर्ध्या जीवा) दिल्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळाची जीवा. ‘साइन’ हा शब्दही तिच्याच अरबी रूपाचं लॅटिन भाषांतर आहे.

राहिला सोडून देण्याचा सल्ला. कोसाइनच्या नियमानं (तिन्ही बाजू आणि एक कोन यांना जोडणारं सूत्र) त्या रानाची तिसरी बाजू काढली तर वर्गसमीकरणाची मुळं 119.77 आणि 53.44 मीटर येतात. दोन्ही धन, सोडायचं कुठलं? सोडायचं ते कोनांची बेरीज बघून. 60 च्या जागी 120 मीटर घ्या: कॅल्क्युलेटर 24.6 अंश देतो, त्याचा पूरककोन 155.4. त्यात 30 मिळवले की 185.4 होतात, 180 च्या वर. इथं दुसरं उत्तर खोडा, आणि ही बेरीज उत्तरपत्रिकेत लिहूनच खोडा.