‘आम्हीही कापूस वेचला’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, गोठ्यात राबणाऱ्या पोराच्या सुटकेवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शाळेतून आलं की तुम्हीही बापासोबत कापूस वेचायचे, त्या पोराच्या बापानं राजीखुशीनं त्याला ढोरकी, म्हणजे गुरं राखायला, ठेवलं होतं, आणि मी गावाची बदनामी करून पोराच्या पोटावर पाय दिला, असं तुमचं म्हणणं.

कापूस मीही वेचला आहे. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी बोटं कशी सोलतात ते मला माहीत आहे. पण सांजेला ओटी रिकामी केली की मी घरी जायचो, माय भाकर वाढायची. असं शाळा सांभाळून घरच्या वावरात हात लावणं बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतरही चालतं. चौदाच्या आतलं लेकरू दुसऱ्याकडे कामाला ठेवणं मात्र चालत नाही.

पोडावरचं, म्हणजे आदिवासी वस्तीवरचं, ते अकरा वर्षांचं पोट्टं पाडव्यापासून मालकाच्या गोठ्यात झोपत होतं. बापानं दहा हजारांची उचल घेतली होती, बायकोच्या दवाखान्यासाठी. पोळ्याला तो पोराला न्यायला आला तेव्हा मी ओसरीवरच बसलो होतो. मालकानं वही उघडली आणि विचारलं, ‘पैसे आणले का?’ बापाला वाचता येत नाही. तो वहीकडे पाहत राहिला, वाढलेली पुरणपोळी खाल्ली आणि एकटाच निघाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली लेकरं लाकडी बैल सजवून निघाली होती, आणि हा शेणाची पाटी उचलत होता. 1098 वर, लेकरांच्या मदतीच्या नंबरावर, फोन केला तो मीच, त्याच संध्याकाळी.

राहिली बापाची राजीखुशी. लेकराची मेहनत गहाण टाकणारा आईबापाचा करार इंग्रजांच्या राज्यात, 1933 सालीच रद्दबातल ठरला होता. त्या कायद्यात सूट कोणाला होती? लेकराचं नुकसान होत नसेल, मोबदला फक्त वाजवी मजुरीचा असेल आणि आठवड्याच्या सूचनेवर करार मोडता येत असेल, तर. इथे बाप सणाच्या दिवशीही पोराला नेऊ शकला नाही.

पोटाचं म्हणता ते मात्र खरं आहे, आणि त्याचा मलाही घोर आहे. सुटका झाली म्हणजे घर सावरलं असं होत नाही. सुटलेल्या वेठबिगारांसाठीच्या सरकारी योजनेत तातडीची मदत 30 हजारांपर्यंत आहे, मोठी रक्कम गुन्हा शाबीत होण्याला बांधलेली. आणि मुक्ती प्रमाणपत्राचा, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा, कागदच अजून टेबलावर अडकलाय. त्यासाठी बापाला घेऊन मी तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला त्याची मजुरी बुडते.

तेवढ्यात मालकाचा माणूस पोडावर उचल मागायला जातोच आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज संपतं. वसुली करणं हाच गुन्हा आहे. तुम्ही त्याच गावचे, मालकाच्या उठण्याबसण्यातले. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. एवढं त्याला सांगाल का, भाऊ?