लॉगिन होत नाही म्हणून ब्राउझर ‘साफ’ करू नका

‘पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल, तर क्रोमचा सगळा डेटा पुसा, लॉक झालेलं खातंही उघडतं’ असा मेसेज सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धवट आहे आणि महागात पडू शकतो.

खातं लॉक होतं ते साइटच्या सर्व्हरवर. तुमच्या फोनमधल्या कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या फाइली) पुसून ते उघडत नाही. उलट, डेटा पुसताना ‘सेव्ह केलेले पासवर्ड’ या चौकोनावर टिक राहिली आणि सिंक (एकाच गूगल खात्याच्या उपकरणांवर डेटा सारखा ठेवणं) चालू असलं, तर पासवर्ड त्या गूगल खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जातात.

आधी इन्कॉग्निटो टॅब (जुन्या कुकी न वापरणारा खासगी टॅब) उघडून पासवर्ड हाताने टाइप करा. लॉगिन झालं, तर दोष बहुधा जुन्या कुकीत किंवा सेव्ह केलेल्या पासवर्डात. मग फक्त त्याच साइटच्या कुकी काढा: अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडचं चिन्ह, ‘कुकी आणि साइट डेटा’, डिलीट.

नेहमीचा घोळ वेगळाच असतो. पासवर्ड बदलला, पण पासवर्ड मॅनेजरमधली (पासवर्ड सेव्ह करून आपोआप भरणाऱ्या सोयीतली) नोंद जुनीच राहिली. तो निमूट जुना भरतो, आपण दाबत राहतो आणि चुकीच्या प्रयत्नांनी खातं लॉक होतं. नोंद दुरुस्त करा. एकाच साइटच्या दोन नोंदी असतील तर जुनी काढा.

मॅनेजर सेव्ह केलेल्या साइटच्या पत्त्यावरच पासवर्ड भरतो. तो काहीच भरत नसेल, तर अ‍ॅड्रेस बारमधला पत्ता नीट वाचा. साइट नकली असू शकते. अशा वेळी पासवर्ड कॉपी-पेस्ट करण्याचा हट्ट नको.

फोनची तारीख-वेळ चुकली असेल तर ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी दर थोड्या वेळाने बदलणारे कोड देणाऱ्या अ‍ॅपचे) कोडही नाकारले जातात. ती ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.