सरांदा बंदरावर आपल्या यजमानांना का थांबावे लागले: अल्बेनिया सहलीच्या अभिप्रायाला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर 2025 मधील आमच्या अल्बेनिया सहलीबद्दल आपण सविस्तर अभिप्राय लिहिला आणि पाचपैकी एक तारा दिला. सरांदाहून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर जाणाऱ्या बोटीवर यजमानांना चढू दिले नाही, टॅक्सीवाल्याने दहापट पैसे घेतले, सहलप्रमुखाने बस सुटण्याची वेळ चुकीची सांगितली, जिरोकास्तरच्या चढावर सासूबाईंचे हाल झाले आणि शाकाहारी जेवणाची आबाळ झाली, असे आपले मुद्दे आहेत. शेवटी ‘युरोपातच जायचे होते, मग इतके अडथळे का?’ असा प्रश्नही आपण विचारला आहे. इंग्लंडमधील कितीतरी मराठी कुटुंबे हे वाचून आपला बेत ठरवतील, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

सर्वांत मोठी तक्रार बोटीची आहे आणि ती सकाळ आपल्याला किती कडू गेली असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. यजमानांचा ब्रिटिश पासपोर्ट जुलै 2015 मध्ये दिलेला होता आणि त्यावर मुदत संपण्याची तारीख एप्रिल 2026 अशी होती. दहा वर्षांचा पासपोर्ट पावणेअकरा वर्षांचा कसा झाला, तर सप्टेंबर 2018 पर्यंत ब्रिटनमध्ये मुदतीपूर्वी नूतनीकरण केल्यास जुन्या पासपोर्टवरचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्या पासपोर्टात जमा करून मिळत असत. शेंगेन देश, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणारे युरोपीय देश, मात्र हे जादा महिने विचारात घेत नाहीत. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट देऊन दहा वर्षे उलटलेली नसावीत आणि परतीच्या दिवसानंतर त्याची मुदत किमान तीन महिने शिल्लक असावी, अशा त्यांच्या दोन स्वतंत्र अटी आहेत. दुसरी अट यजमानांचा पासपोर्ट पुरी करत होता, पहिली करत नव्हता. तिरानाला उतरताना हा प्रश्न आला नाही, कारण अल्बेनिया युरोपीय संघातही नाही आणि शेंगेनमध्येही नाही. ग्रीसचे कॉर्फू बेट मात्र दोन्हींत आहे. समोर दिसणारे बेट आणि अर्ध्या तासाची जलद बोट यामुळे ही सहज फेरी वाटते, पण ती आंतरराष्ट्रीय सीमा आहे आणि युरोपीय संघ सोडल्यानंतरचा ब्रिटनचा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 रोजी संपल्यापासून ब्रिटिश नागरिक त्या सीमेवर तिसऱ्या, म्हणजे संघाबाहेरच्या, देशाचे प्रवासी ठरतात. सासूबाईंच्या भारतीय पासपोर्टवर अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा होता, म्हणून त्या जाऊ शकल्या आणि ब्रिटिश पासपोर्ट असलेला मुलगा मागे राहिला, याचे आपल्याला वाटलेले आश्चर्य मी समजू शकते.

नोंदणीच्या अर्जात आम्ही पासपोर्ट दिल्याची तारीख आणि संपण्याची तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवतो. आपल्या अर्जात पहिला रकाना रिकामा होता. त्याबद्दल पाठवलेल्या स्मरणपत्राला ‘पासपोर्ट एप्रिलपर्यंत चालतो’ असे उत्तर आले, त्यावर दहा वर्षांची अट आम्ही लिहून कळवली होती. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. पासपोर्टवर छापलेल्या तारखेवर माणूस विश्वास ठेवणारच. परंतु बंदरावरच्या खिडकीत बसलेला कर्मचारी हा नियम वाकवू शकत नाही आणि आमचा सहलप्रमुखही नाही. त्या दिवशी आमच्या चालकाने यजमानांना लेकुरेसी किल्ल्यावर नेले आणि संध्याकाळी आपली बोट येईपर्यंत तो त्यांच्याबरोबर थांबला, इतके आमच्या हातात होते.

ही फेरी करू इच्छिणाऱ्या इतरांसाठी आणखी एक गोष्ट सांगते. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. त्यामुळे एका दिवसाच्या सहलीतही रांगेसाठी वेळ राखून ठेवावा लागतो. कॉर्फूतला तो एक दिवस शेंगेनच्या 180 दिवसांतील 90 दिवसांत मोजला जातो. अल्बेनियातले दिवस त्यात धरत नाहीत, तिथे ब्रिटिश नागरिकांना 90 दिवसांची वेगळी मुभा आहे. ज्यांचे स्पेनला किंवा पोर्तुगालला वरचेवर जाणे असते, त्यांनी हा हिशेब आधीच मांडावा.

बसच्या वेळेबद्दल. सहलप्रमुखाने सांगितलेली साडेआठची वेळ बरोबर होती. आपल्या फोनमध्ये साडेआठ वाजले तेव्हा अल्बेनियात साडेसात झाले होते. सरांदा आणि क्सामिलचा किनारा कॉर्फूच्या इतका जवळ आहे की फोन पुष्कळदा ग्रीसचे नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप एक तास पुढे सरकते. अल्बेनिया ब्रिटनच्या एक तास पुढे, तर ग्रीस दोन तास. म्हणूनच आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर सहलप्रमुख प्रत्येकाला घड्याळाची आपोआप बदलणारी व्यवस्था बंद करायला सांगत होता. सासूबाईंना त्या गारव्यात तासभर बाकावर बसावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टॅक्सीचा प्रसंग मात्र वेगळ्या कारणाने घडला आणि तो प्रत्येक नव्या प्रवाशाच्या वाट्याला येऊ शकतो. 1965 मध्ये अल्बेनियाने आपल्या ‘लेक’ या चलनातले एक शून्य कमी केले, दहा जुन्या लेकचा एक नवा लेक झाला. पण बोलण्यातले शून्य अजून गेलेले नाही. बाजारात, टॅक्सीत, विशेषतः वयस्कर मंडळींच्या तोंडी ‘पाच हजार’ म्हणजे आजचे पाचशे लेक असू शकतात. आपण चार-पाच पौंडांच्या प्रवासासाठी पाच हजारांची नोट दिली आणि चालकाने ती ठेवून घेतली. त्याने ती परत करायला हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘पाच हजार’ हा आकडा उच्चारण्यात मात्र त्याने फसवणूक केली नव्हती. बसण्यापूर्वी रक्कम कागदावर किंवा फोनवर लिहून घ्यावी आणि नोट देण्याआधी ती पौंडात किती होते ते मनाशी पडताळावे. रोख पैसे मात्र जवळ हवेतच, कारण छोटी अतिथीगृहे, फुर्गोन म्हणजे प्रवासी भरले की सुटणाऱ्या मिनीबस आणि भाजीबाजार रोखीवरच चालतात. ब्रिटनमध्ये लेक सगळीकडे मिळतीलच असे नाही. अल्बेनियातले एटीएम परदेशी कार्डावर बहुधा वेगळे शुल्क लावते, म्हणून थोडे-थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावेत आणि ‘पौंडात वळते करू का’ असे यंत्राने विचारल्यास नकार द्यावा.

जिरोकास्तरचा चढ आम्हाला टाळता येण्यासारखा नाही. दगडी छपरांचे ते जुने शहर 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथल्या फरसबंद गल्ल्या गुळगुळीत व तीव्र उताराच्या आहेत. दुपारच्या पावसानंतर तर त्यांवरून तरणीताठी माणसेही जपून पाय टाकतात. सहलीच्या माहितीत गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी हा इशारा असतो आणि किल्ल्याच्या जवळपर्यंत वेगळी गाडी मागवण्याची सोयही असते. ती गाडी सासूबाईंनी घ्यायला हवी होती, असे मला आजही वाटते.

जेवणाबद्दल आपल्याशी मी काही अंशी सहमत आहे. पालकाचे किंवा चीजचे ब्युरेक, ढोबळी मिरची-टोमॅटो-चीजची फेर्गेसा, उन्हाळी भाज्यांचे भरीत, असे पुष्कळ मिळते, पण फेर्गेसाचा एक प्रकार काळीज घालूनही करतात, आणि जिरोकास्तरच्या प्रसिद्ध चिफ्ची, म्हणजे पुदिना घातलेल्या भाताच्या गोळ्यांत, अंडे असते. अंडे न खाणाऱ्यांची तिथे खरोखर पंचाईत होते. ‘पा मिश’, म्हणजे मांसाविना, एवढे म्हणून भागत नाही; अंड्याचे वेगळे सांगावे लागते.

आणि ब्रिटनचे आरोग्य कार्ड अल्बेनियात चालत नाही. आम्ही प्रवासविम्याशिवाय नोंदणी घेत नाही ती त्यासाठीच.

परताव्याविषयी. कॉर्फूच्या बोटीचे तिकीट बोट कंपनीने परत घेतले नाही आणि कागदपत्रांतील त्रुटीमुळे हुकलेला प्रवास विम्यातही सहसा बसत नाही, त्यामुळे ती रक्कम आम्हाला देता येणार नाही. यजमानांचे कॉर्फूतील दुपारचे जेवण आणि जुन्या किल्ल्याचे प्रवेशशुल्क मात्र आम्हाला भरावे लागले नाही. ते पैसे आपल्या खात्यात जमा केले आहेत. यजमानांचा नवा पासपोर्ट आला की आम्हाला कळवावे, पुढच्या गटाबरोबर त्यांच्या एका दिवसाच्या कॉर्फू फेरीची जागा मी स्वतः राखून ठेवीन. बोटीचे तिकीट तेवढे त्यांना काढावे लागेल.