थीम राबवणाऱ्या शिक्षकांसाठी काही सूचना

शिक्षकहो, वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत थीमची, म्हणजे सगळ्या विषयांतून एकत्र शिकवायच्या सूत्रांची, यादी मागितली की गांगरून जाऊ नका. मागच्या वर्षीची फाइल उघडा. 'पाणी', 'वाहतूक', 'आपले मदतनीस', 'ऊर्जा' सगळं तिच्यात आहे. सातवीच्या मुलांनी 'आपले मदतनीस' तिसरीतच केलं होतं, अशी शंका कुणी काढलीच, तर पुढे 'एक सखोल अभ्यास' एवढं जोडा. बाकी काही बदलायची गरज नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. थीमला नाव असावं, प्रश्न नसावा. 'पाणी' ठीक. पण 'नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी किती पाणी उचलावं, हे कुणी ठरवायचं?' असं काही फळ्यावर लिहिलंत तर मेलात. त्याला भूगोल लागतो, गुणोत्तर लागतं, नागरिकशास्त्र लागतं. शिवाय खालच्या अंगाच्या लोकांच्या वतीनं तक्रारअर्ज लिहायचा तर भाषाही लागते. म्हणजे चार शिक्षकांनी एकत्र बसायचं, आणि तेही चहाशिवाय काही कारणासाठी. नुसतं 'पाणी' म्हटलं की कसं, भाषेत पावसाची कविता, विज्ञानात जलचक्र, चित्रकलेत धबधबा. चार वर्गांत चार पाणी, आणि कुणाचं कुणाला लागत नाही.

गणिताचे शिक्षक तेवढे अडून बसतील. त्यांना नेमका त्याच महिन्यात अपूर्णांकांचा भागाकार शिकवायचा असतो. त्यांना समजावून सांगा की उदाहरणात मासे घातले की भागाकार आपोआप थीममध्ये येतो. ३/४ मासे २/५ टाक्यांत सोडले तर एका टाकीत किती? उत्तर १५/८ मासे. पावणेदोन माशांहून थोडा जास्त मासा पोहतो कसा, हे कुणी विचारणार नाही. गणितात काही विचारायचं नसतं हे मुलं तोवर शिकलेली असतात.

खरा धोका वेगळाच आहे. एखादी मुलगी तास संपल्यावर येऊन सांगेल की हात धुवायच्या जागेचा नळ गळतोय. तिथवर हरकत नाही. पण ती प्रयोगशाळेतलं मोजपात्र मागेल. नळाखाली धरून थेंब मोजेल, वीस थेंबांना एक मिलिलिटर भरलं म्हणेल. मिनिटाला चाळीस थेंब, म्हणजे दोन मिलिलिटर. तासाला १२०. दिवसाला २,८८० मिलिलिटर, म्हणजे २.८८ लिटर, आणि इथे दशांश चिन्ह कुठे द्यायचं यावरून तिचं मैत्रिणीशी भांडण होईल. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोजेल, तर थेंब छत्तीसच. मग सरासरी काढायला लागेल. मग थेंब कमी का झाले हे शोधायला लागेल. आणि शेवटी मुख्याध्यापिकांना पत्र लिहील, त्यात आकडे घालून.

हा प्रकार पहिल्या दिवशीच थांबवा. मोजपात्र काढून घ्या आणि तिला कार्डशीट द्या. नळाचं चित्र, खाली एक रडका थेंब आणि 'थेंब थेंब वाचवा'. हा चार्ट त्याच नळाच्या वरच्या भिंतीवर लावता येईल. फक्त जरा उंचावर लावा, खाली लावला तर भिजतो.

प्रशिक्षणात कुणी इतिहास काढून दबाव आणू पाहील. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत काढलेल्या प्रायोगिक शाळेचं नाव घेतील. तिथल्या मुलांना बोंडातला कापूस सरकीपासून हातानं सोडवायला दिला होता. अर्ध्या तासात एक औंससुद्धा निघाला नाही, म्हणजे २८ ग्रॅमही नाही. तेव्हा कुठे मुलांच्या लक्षात आलं की जुन्या काळी तिकडचे लोक सुती सोडून लोकरीचे कपडे का घालत. अर्धा तास घालवून एवढंच! आपण तेवढ्याच वेळात कापसाचे सहा ढग चार्टवर चिकटवतो. पुढे १९१८ मध्ये तिकडच्याच किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञांनी प्रकल्प पद्धतीवर लेख लिहिला. त्यांचा आग्रह असा की कामामागचा हेतू मुलाचा स्वतःचा हवा, त्यात त्यानं मन ओतायला हवं. हेतू आपल्याकडेही असतो. तो प्रदर्शनाच्या तारखेला असतो.

फिनलंडचं नाव निघालं तर उलट खूश व्हा. २०१६ पासून लागू झालेल्या तिथल्या अभ्यासक्रमानं प्रत्येक मुलाला वर्षातून किमान एक बहुविषयक घटक द्यायला सांगितलं. किमान एक! आपल्या फाइलीत दहा आहेत. तिथे घटकाच्या आखणीत मुलांनाही घेतात आणि गणित, इतिहास हे विषय काही रद्द झालेले नाहीत, या गोष्टी सांगत बसू नका.

दोन थीमची गाठ पडू देऊ नका, हेही महत्त्वाचं. पहिल्या सत्रात 'पाणी' चालू असताना कुणी धरणावरच्या विजेचं विचारलं तर 'ते दुसऱ्या सत्रात' म्हणा. दुसऱ्या सत्रात 'ऊर्जा' आली आणि त्यानं धरणाचं विचारलं तर 'पाणी पहिल्या सत्रात झालं'. तिसऱ्यांदा तो विचारत नाही.

मूल्यमापनासाठी रकाने पुरेसे आहेत: सहभाग, सादरीकरण, रंगसंगती, वेळेत पूर्तता. मुलाशी चार वाक्यं बोलण्याच्या फंदात पडू नका. जलचक्राचा सुबक चार्ट काढणारा, बाण अगदी बरोबर दाखवणारा मुलगा बिनधास्त सांगतो की पाणी १०० अंशांना उकळलं तरच त्याची वाफ होते. मग पुसलेली फरशी कशी वाळते, असं तुम्ही विचारणार, तो विचारात पडणार, ओला फडका कुठे टाकला तर लवकर वाळतो हे सगळा वर्ग बघायला निघणार, आणि समन्वयक बाई नेमक्या तेव्हाच फेरीवर येणार. वर्गात कुणी जागेवर नाही, फलक अर्धा, असा शेरा पडेल. चार्टला दहापैकी नऊ द्या. एक गुण कापा, म्हणजे तपासल्यासारखं दिसतं. (चार्ट पालकांनी केलेला असेल तर दहा द्या. मोठ्या माणसांना फार लागतं.)

समारोपाच्या दिवशी प्रत्येक चार्टसमोर एक मूल उभं करा आणि त्याला पाच ओळी पाठ द्या. पाहुणे साधारण दुसऱ्या ओळीला पुढे सरकतात, त्यामुळे घाईत असाल तर तीनच द्या. फोटो आधी काढून घ्या.

मग फलक उतरवा. टाचण्या वेगळ्या ठेवा. कार्डशीट, कापसाचे ढग, चमकी, फोमचे मासे मात्र टाकून देऊ नका, एका मोठ्या पिशवीत भरून कोपऱ्यात ठेवा. पुढच्या महिन्याची थीम 'कचरा' आहे.