शेवटचं गाणं ऐका: ‘स्वस्त कार्ट्रिज सगळी सारखीच’ या सल्ल्याला उत्तर

नवं टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेणाऱ्याला कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग, निवडताना हा सल्ला हमखास मिळतो: ‘स्वस्त कार्ट्रिज सगळी सारखीच वाजतात. फरक ऐकू येतो तो मनाचा खेळ. पटत नसेल तर यूट्यूबवर तुलना ऐका. गोल टोकाची सगळ्यात स्वस्त सुई घ्या, सुईवरचं वजन कमीत कमी ठेवा म्हणजे रेकॉर्ड झिजणार नाही. जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही तीच सुई वाजवते.’ यातल्या ‘मनाचा खेळ’ या भागात थोडं तथ्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘फरक मनाचा खेळ’

मनाचा नाही, बऱ्याचदा व्हॉल्यूमचा. ऑर्टोफॉन २एम रेड हे कार्ट्रिज ५.५ मिलिव्होल्ट देतं, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ४ मिलिव्होल्ट. अँप्लिफायरचं बटण न हलवता एक काढून दुसरं लावलं की रेड जवळजवळ २.८ डेसिबल मोठं वाजतं. एवढा फरक बऱ्याचदा ‘आवाज मोठा’ असा जाणवत नाही, तो ‘भरदार’, ‘मोकळा’ असा जाणवतो. रेडच्या बासचं जे कौतुक होतं, त्यातलं बरंचसं या २.८ डेसिबलचं असू शकतं.

दुसरा चोर म्हणजे कपॅसिटन्स, तारांमध्ये आणि सर्किटमध्ये वीजभार साठण्याची क्षमता. टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) तारा, केबल (मीटरला साधारण १०० पिकोफॅरड) आणि फोनो प्रीअँपचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या पेटीचं) इनपुट या तिघांची बेरीज कार्ट्रिजवर पडते. व्हीएम९५ला एकूण १०० ते २०० हवे, २एम रेडला १५० ते ३००. व्हीएम९५ईच्या कॉइलचा इंडक्टन्स (विजेच्या बदलाला होणारा विरोध) ५५० मिलिहेन्री आहे. १५० पिकोफॅरडवर त्याचा विद्युत अनुनाद (ज्या स्वराला सिग्नल उसळतो ती जागा) साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास बसतो. बेरीज ४०० झाली की तो पावणेअकरावर उतरतो. मग ९-१० किलोहर्ट्झला दोन-तीन डेसिबलचा उंचवटा येतो आणि त्याच्या वरचं गळून जातं. एकाच कार्ट्रिजला एक जण ‘चिरकं’ म्हणतो आणि दुसरा ‘गोड’, त्याचं कारण अनेकदा हेच. प्रीअँपच्या माहितीपत्रकात इनपुट कपॅसिटन्सचा आकडा बघा. तो एकटाच २२० असेल तर व्हीएम९५साठी बेरीज आधीच हाताबाहेर गेलेली आहे. अशा वेळी केबल आखूड करून थोडंच भागतं, कपॅसिटन्स बदलता येणारा प्रीअँप लागतो.

‘सगळी सारखीच वाजतात’

व्हॉल्यूम आणि कपॅसिटन्सचा हिशोब चुकता केल्यावरही एक फरक उरतोच, तो सुईच्या टोकाचा. गोल टोकाची त्रिज्या ०.६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १५ मायक्रॉन. लंबवर्तुळाकार टोकाची बाजूची त्रिज्या ०.३ मिल, साधारण ८ मायक्रॉन. मायक्रोलिनिअर या खास घासलेल्या बारीक टोकाची ०.१२ मिल, जेमतेम ३.

आता रेकॉर्डकडे बघू. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या कडेला, केंद्रापासून १४.६ सेंमीवर, खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी सरकते. आत ६ सेंमीवर फक्त २१ सेंमी. त्यामुळे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत २१. पंधरा मायक्रॉन त्रिज्येचा गोळा २१ मायक्रॉनच्या नागमोडी वळणात शिरणार कसा? तो वळण कापत जातो. वरचे स्वर दबतात आणि मुळात नसलेली खरखर त्यात मिसळते. ती ‘स’, ‘श’, ‘च’मध्ये आधी कळते, आणि अभंगांची एलपी असेल तर टाळात: पहिल्या अभंगात टाळ खणखणतो, बाजूच्या शेवटच्या अभंगात नुसता ‘छर्र’ होतो. पहिलं गाणं लावून ‘काही फरक नाही’ म्हणणारा खोटं बोलत नाही. त्याने फक्त चुकीचं गाणं निवडलेलं असतं.

पडताळायला सोपी सोय आहे. २०१८ साली आलेल्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचं अंग एकच, सुया मात्र अदलाबदल करता येतात: सी गोल, ई लंबवर्तुळाकार, एमएल मायक्रोलिनिअर. स्क्रूला हात न लावता सुई ओढून काढायची, दुसरी बसवायची. मॅग्नेट आणि सुईची दांडी सुईबरोबर बदलतात हे मान्य, पण कॉइल, वायर, उंची सगळं तेच राहतं. एमएलचं आउटपुट ३.५ मिलिव्होल्ट आहे, तेवढं जुळवून घ्या.

एक अट आहे. जुळणी चुकलेली असेल तर हा सगळा खटाटोप वाया. बेअरवाल्ड या जुळणीच्या पद्धतीत कार्ट्रिज ६६ आणि १२०.९ मिमी त्रिज्येवर खाचेला अचूक समांतर असायला हवं. छापील प्रोट्रॅक्टरवर (जुळणीच्या रेघा आखलेल्या कागदावर) बघताना कार्ट्रिजच्या अंगाची कड धरू नका, सुईची दांडी धरा, कारण स्वस्त सुयांमध्ये ती कधी कधी किंचित तिरकी बसवलेली असते. हेडशेलमध्ये (टोनआर्मच्या पुढच्या टोकाला) कार्ट्रिज दोन मिलिमीटर मागेपुढे सरकलं तरी आतल्या खाचांत इतकी खरखर वाढते की ई आणि एमएलमधला फरक तीत बुडून जातो. आणि खरखर फक्त उजव्या स्पीकरला येत असेल तर आधी अँटी-स्केट (टोनआर्मची केंद्राकडची ओढ रोखणारं बल) वाढवून बघा. तो दोष बहुधा सुईचा नसतो.

‘यूट्यूबवर तुलना ऐका’

तिथे आवाज दाबून साठवलेला असतो, पातळी जुळवलेली असेलच असं नाही, आणि प्रीअँप कोणता, कपॅसिटन्सची बेरीज किती, हे कुणी सांगत नाही. घरी करायचं तर असं: चाचणी-रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा सूर दोन्ही सुयांनी रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी ०.२ डेसिबलच्या आत आणा, मग तुमच्या एलपीच्या एकाच बाजूच्या शेवटच्या गाण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे काढा. फाइलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा.

‘वजन कमीत कमी ठेवा’

हा सल्ला सगळ्यात घातक. वजन कमी पडलं की जोराच्या जागी सुई भिंतीवरून सुटते आणि परत आदळते, आणि रेकॉर्डला इजा होते ती त्या आदळण्याने. ऑडिओ-टेक्निकाचं स्वस्त एटी३६००एल कार्ट्रिज बनवलंच आहे २.५ ते ३.५ ग्रॅमसाठी. ‘काळजी’ म्हणून त्याला दीड ग्रॅमवर चालवणारे रेकॉर्डचं वाटोळं करतात. व्हीएम९५ईला १.८ ते २.२, रेडला १.६ ते २.० ग्रॅम. त्या मर्यादेत मध्यावर किंवा किंचित वर ठेवा, आणि टोनआर्मवरच्या आकड्यावर न विसंबता छोट्या डिजिटल काट्याने मोजा.

‘गोल टोकाचीच घ्या’

कधी कधी, हो. चोर बाजारात मिळणाऱ्या अनेक एलपी फिएस्टासारख्या प्लेअरवर जड सुईखाली वर्षानुवर्षं वाजलेल्या असतात. अशा खाचेत बारीक टोक भिंतीच्या न झिजलेल्या पट्टीला टेकून कमाल करतं, नाहीतर प्रत्येक ओरखडा वाचून दाखवतं. कोणतं होईल ते रेकॉर्ड लावल्यावरच कळतं. म्हणून सीची एक सुई डब्यात असू द्यावी. पण ‘स्वस्त’ म्हणून घेत असाल तर तासही मोजा. ऑडिओ-टेक्निकाच्या स्वतःच्या हिशोबाने गोल सुई ५०० तास चालते, लंबवर्तुळाकार ३००, मायक्रोलिनिअर १०००. रोज एक एलपी, म्हणजे पाऊण तास, ऐकणाऱ्याची ई सुई ४०० दिवसांत संपते.

‘७८लाही तीच सुई’

नाही. ७८ची खाच एलपीच्या दुपटीहून रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन कचऱ्यात लोळते आणि बालगंधर्वांच्या तानेपेक्षा तळाची सरसर जास्त ऐकू येते. त्याच व्हीएम९५च्या अंगावर एसपी सुई बसते: ३ मिलचं टोक, वजन ५ ग्रॅम. काउंटरवेट (टोनआर्मच्या मागचं वजन) तिथवर पोचतं का ते आधी बघा, आणि प्रीअँपला मोनोचं बटण असेल तर दाबा.