नमुना लहान आहे म्हणे

एलजीबीटी तरुणांवरच्या संशोधनात बायसेक्शुअल, म्हणजे मुलगे आणि मुली दोघांबद्दल आकर्षण वाटणाऱ्या, पोरापोरींचं काय होतं ते बघायचं असेल, तर निष्कर्षांचं पान सोडा, एक्सेलची शीट उघडा. प्रश्नावलीत गे, लेस्बियन, बायसेक्शुअल असे वेगवेगळे पर्याय असतात. एखादी मुलगी दहादा विचार करून तिसऱ्यावर टिक करते. मग विश्लेषणाची वेळ आली की 'नमुना लहान आहे', म्हणजे माणसं कमी मिळाली, म्हणून या तिन्ही पर्यायांचे कोड 2, 3, 4 एकाच रकान्यात. डेटा एंट्रीच्या कामात हे डोळ्यांदेखत होताना पाहिलंय. एक फॉर्म्युला, एक एंटर, झालं.

बरं, नमुना लहानच असतो असंही नाही. अमेरिकेत नववी ते बारावीच्या मुलांचं सरकारी सर्वेक्षण होतं. 2021 मध्ये 12.2 टक्के मुलांनी स्वतःला बायसेक्शुअल म्हटलं. गे आणि लेस्बियन मिळून 3.2 टक्के. जवळजवळ चौपट असूनही यांचं वेगळं काही ऐकू येतं का?

त्याच देशात 2005 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत लैंगिक उत्तेजना मोजून पुरुषांच्या बायसेक्शुअल असण्यावरच शंका घेतली होती. 2020 मध्ये त्यांच्यापैकीच काही जण लेखक असलेल्या शोधनिबंधाने 'आहे बुवा' अशी कबुली दिली. मधली पंधरा वर्षं त्या वयाच्या मुलांनी काय ऐकून घेतलं असेल!

आपल्याकडे तर बरीचशी मोजणी एचआयव्हीच्या निमित्ताने झाली. तिथला शब्द 'एमएसएम', म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. बायकोही असलेला आणि नसलेला, दोघं एकाच खात्यात. बायसेक्शुअल बायका त्यात नाहीतच.

आणि हरवतं ते नेमकं काय? मी बायसेक्शुअल आहे हे घरी सांगितलं तेव्हा आई रडली नाही, चिडली नाही. तिचा चेहराच खुलला. "म्हणजे मुलगाही चालतो ना तुला? मग झालं तर!" आठवडाभरात मावशीकडून दोन बायोडेटा आले. माझ्या लेस्बियन मैत्रिणीला हे ऐकावं लागत नाही. तिच्या वाट्याचं वेगळं आहे, आणि ते जास्त वाईटही असेल. पण तीच मैत्रीण मला म्हणते, "तू काय गं, शेवटी नवरा करून मोकळी होशील."

'घरी सांगितलं आहे का? हो / नाही' या प्रश्नाला मी 'हो' लिहिते. 'कुटुंबाने स्वीकारलं का?' यालाही बहुधा 'हो'च लिहावं लागेल. स्थळं बघण्याइतकं स्वीकारलंय!

एमए, पीएचडी करणाऱ्यांनो, अकरा जण मिळाले तर अकरा लिहा, पण वेगळे लिहा. टक्केवारी निघत नसेल तर मुलाखती घ्या. आणि त्या हो-नाहीच्या खाली दोन ओळी मोकळ्या सोडा: सांगितल्यावर घरचे काय म्हणाले?